मॉट दिसत नाही? आरशांना हात लावण्याआधी हे तपासा

रुबिडियमचा मॉट, म्हणजे मॅग्नेटो-ऑप्टिकल ट्रॅप (लेझर आणि चुंबकक्षेत्राने अणू थंड करून मधे ढगासारखे धरून ठेवणारा सापळा), चालवणाऱ्या प्रयोगशाळेत एक तक्रार ठरलेली असते: "काल छान होता, आज आलाच नाही." नवीन विद्यार्थी असेल तर त्यापुढचंही ठरलेलं. ॲलन की हातात घ्यायची आणि आरशांचे स्क्रू फिरवायला लागायचं. दुपारपर्यंत सहाही बीम जागचे हललेले असतात, आणि मूळ बिघाड, जो बहुतेक वेळा लेझरच्या लॉकमध्ये (वारंवारता एका जागी धरून ठेवणाऱ्या यंत्रणेत) नाहीतर एखाद्या अडकलेल्या शटरमध्ये असतो, तो तिथेच शाबूत असतो. म्हणजे एकाची दोन दुखणी झाली.

ही दुरुस्ती इतक्या वेळा केली आहे की तपासण्यांचा क्रम आता तोंडपाठ झालाय. तोच इथे लिहितो. सगळे आकडे रुबिडियम-८७ चे, ७८० नॅनोमीटरचे आणि साध्या सहा-बीम मॉटचे आहेत. तुमच्याकडे रुबिडियम-८५ किंवा सीझियम असेल तर आकडे बदला. क्रम बदलायची गरज नाही.

हे यंत्र एवढं नाजूक का, ते आधी थोडक्यात. खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास पळत असतो. एक फोटॉन गिळला की त्याच्या वेगात जेमतेम ६ मिलिमीटर प्रतिसेकंद एवढा फरक पडतो. मॉट वाफेतल्या सगळ्या अणूंच्या मागे लागतच नाही. सेकंदाला वीस-पंचवीस मीटरच्या आतले जे मंद अणू आहेत तेवढेच तो धरतो. पण तेवढ्यांना थांबवायलाही प्रत्येकी चार हजारांच्या आसपास फोटॉन लागतात, आणि ते बरोबर समोरच्या बाजूनेच लागायला हवेत. त्यासाठी लेझर रेझोनन्सच्या (अणू ज्या वारंवारतेचा प्रकाश गिळतो तिच्या) १२ ते १८ मेगाहर्ट्झ लाल, म्हणजे कमी वारंवारतेच्या, बाजूला ठेवतात. समोरून येणाऱ्या अणूला डॉप्लरमुळे तोच प्रकाश रेझोनन्सच्या जवळ दिसतो आणि तो अडवला जातो. लेझरची वारंवारता ३८४ टेराहर्ट्झ आहे. त्यात २० मेगाहर्ट्झ म्हणजे दोन कोटींत एक भाग. एवढी चूक चुकीच्या दिशेला झाली की अणू थांबायच्या ऐवजी ढकलले जातात. १९८७ साली सोडियमवर पहिला मॉट चालला तेव्हा डाय लेझर लागले होते. आज आपण सीडी प्लेअरसाठी निघालेल्या तरंगलांबीचे स्वस्त डायोड वापरतो. पण या दोन कोटींत एक भागातून सुटका तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

आधी लक्षण ओळखा

"मॉट गेला" एवढं सांगून भागत नाही. कसा गेला ते बघा.

काहीच दिसत नाही, बीमच्या वाटेवर वाफेची जी फिकट चमक असते तीही नाही: एकतर चेंबरमध्ये प्रकाशच पोचत नाही, किंवा लेझर रेझोनन्सपासून खूप लांब आहे, किंवा रुबिडियमच नाही.

चमक आहे पण नेहमीपेक्षा मंद, आणि मधला ढग गायब: रीपंपवर, म्हणजे निसटलेले अणू परत कूलिंगच्या चक्रात आणणाऱ्या प्रकाशावर, संशय घ्या.

चमक नेहमीसारखी, ढग मात्र नाही: लॉक चुकीच्या शिखरावर असेल, कॉइलमध्ये करंट नसेल किंवा उलटा असेल, नाहीतर कोणीतरी वेव्हप्लेट (प्रकाशाचं पोलरायझेशन, म्हणजे कंपनाची दिशा, बदलणारी चकती) फिरवली असेल.

ढग आहे पण बारका: तो भरायला किती वेळ लागतो ते बघा. लवकर भरून बारकाच राहत असेल तर व्हॅक्यूम बिघडलाय. सावकाश भरून बारका राहत असेल तर रुबिडियम कमी पडतंय किंवा बीममध्ये पॉवर नाही.

ढगाचं कडं झालंय, दोन तुकडे झालेत, किंवा तो एका बाजूला ओघळतोय: बीमचा तोल गेलाय किंवा समोरासमोरचे बीम एका रेषेत नाहीत.

लुकलुकतो, झटक्यात जातो, आपोआप परत येतो: लॉक, मोड हॉप (लेझरच्या वारंवारतेने अचानक मारलेली उडी), फायबरमधलं पोलरायझेशन, किंवा एसी. एसीबद्दल पुढे लिहिलंय, ते गंमत म्हणून वाचून सोडून देऊ नका.

काही करण्याआधी गॉगल

७८० नॅनोमीटर डोळ्याला अगदी फिकट लाल दिसतो. डोळे दिपवणारा वाटत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही आणि रेटिनाला इजा होऊन जाते. पन्नास मिलिवॉटचा बीम भिंतीवर मरतुकडा ठिपका दिसतो म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. घड्याळ आणि अंगठी काढून ठेवा, टेबलाच्या उंचीला डोळे आणू नका, बीम शोधायला आयआर कार्ड वापरा. बीम डोळ्यात गेल्याची नुसती शंका जरी आली तरी काम थांबवून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. दुखत नाही म्हणून "बघू उद्या" असं करू नका, कारण रेटिनाची इजा दुखत नाही.

फुकटातल्या तपासण्या

लॉगबुक उघडा. काल शेवटी कोणी काय केलं ते वाचा. ऑसिलोस्कोपवर आत्ता जे दिसतंय त्याचा मोबाइलने फोटो काढा, ड्रायव्हरवरचे करंट आणि तापमानाचे आकडे टिपून ठेवा. यात पाच मिनिटं जातात, पण पुढे गोष्टी हलल्या तर परत यायला जागा राहते.

मग कॅमेरा. लेन्सवर टोपी आहे का, एक्स्पोजर कोणी बदललंय का, सॉफ्टवेअर कालचीच फ्रेम धरून बसलंय का. हसू नका, यातलं प्रत्येक कधी ना कधी सापडलेलं आहे. सेलसमोर हात हलवा, चित्र बदलतंय का बघा.

आता कॉइलचा करंट बंद करून परत चालू करा. या तपासणीइतकी स्वस्त आणि बोलकी दुसरी नाही. करंट बंद केल्यावर जो ठिपका पसरून जातो तो अणूंचा. जो जसाच्या तसा राहतो ती काचेवरची चमक, धूळ नाहीतर एखाद्या बीमचं प्रतिबिंब. काचेवरच्या ठिपक्याला मॉट समजून त्याची पूजा मांडलेली मी बघितली आहे. उलटंही होतं: मॉट असतो, पण चमकेच्या मागे लपलेला असतो. चालू-बंद करताना दोन्ही उघडं पडतं.

यांत्रिक शटर टिचकी मारून बघा. दिवसभर उघडं धरून ठेवलेलं शटर तापतं आणि अर्ध्यात अडकतं. कंप्युटर म्हणतो उघडं आहे. त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, शटरच्या पुढे कार्ड धरा.

लॉक

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त बिघाड इथेच सापडतात.

आधी एक गैरसमज. चेंबरमध्ये वाफ चमकतेय म्हणजे लेझर बरोबर जागी आहे, असं मुळीच नाही. खोलीच्या तापमानाला रुबिडियमची डॉप्लर रुंदी ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास असते. लेझर शंभर मेगाहर्ट्झने चुकला तरी वाफ आनंदाने चमकते. मॉटला मात्र सहा मेगाहर्ट्झच्या नैसर्गिक रुंदीतच मोजावं लागतं.

म्हणून लॉक सोडा, लेझर स्कॅन करा आणि सॅच्युरेटेड ॲबसॉर्प्शनचं (रुबिडियमच्या वाफेने कुठल्या वारंवारतेला किती प्रकाश गिळला त्याचं) पूर्ण चित्र बघा. पूर्ण स्कॅनमध्ये चार रुंद खड्डे दिसायला हवेत. बाहेरचे दोन ८७ चे, मधले दोन ८५ चे. निसर्गात ८५ चं प्रमाण ७२ टक्के आहे, त्यामुळे मधले खोल असतात. कूलिंगसाठी आपल्याला हवा तो कमी वारंवारतेकडचा बाहेरचा खड्डा, म्हणजे ८७ चा एफ=२ (एफ ही अणूच्या खालच्या ऊर्जापातळ्यांची खूण, एफ-प्राइम वरच्या पातळ्यांची). लेझर रात्रभरात सरकून मधल्या खड्ड्यावर गेला असेल तर सकाळी घाईत कोणीही तिथेच लॉक करून मोकळा होतो. खड्डा खोल दिसतो, शिखरं ठसठशीत दिसतात, त्यामुळे शंकाही येत नाही.

खड्डा बरोबर असला तरी आतलं शिखर बरोबर असेलच असं नाही. एफ=२ च्या खड्ड्यात उठून दिसणारी दोन शिखरं क्रॉसओव्हरची, म्हणजे दोन खऱ्या रेषांच्या बरोबर मधे येणारी, असतात. एक एफ-प्राइम २ आणि ३ च्या मधलं, ते एफ-प्राइम=३ च्या १३३ मेगाहर्ट्झ खाली. दुसरं १ आणि ३ च्या मधलं, ते २१२ मेगाहर्ट्झ खाली. समजा तुमचा एओएम (ध्वनिलहरींनी प्रकाशाची वारंवारता सरकवणारं उपकरण) प्रकाशाला ११८ मेगाहर्ट्झ वर ढकलतो. पहिल्या क्रॉसओव्हरवर लॉक असेल तर प्रकाश १५ मेगाहर्ट्झ लाल बाजूला पडतो; मॉट मिळतो. शेजारच्या क्रॉसओव्हरवर लॉक झाला तर ९४ मेगाहर्ट्झ लाल: काहीच मिळत नाही. थेट एफ-प्राइम=३ वर झाला तर ११८ मेगाहर्ट्झ निळ्या बाजूला: तेव्हाही काही नाही. तिन्ही वेळा स्कोपवर लॉक एकदम देखणा दिसतो. तुमचा एओएम किती ढकलतो, डबल पास (प्रकाश त्यातून दोनदा जाणारा) आहे का, हे कागदावर लिहून टेबलाच्या काठाला चिकटवून ठेवा. दर वेळी डोक्यात बेरीज-वजाबाकी करण्यात अर्थ नाही.

मग इंटिग्रेटर, म्हणजे चूक साठवत जाऊन लेझर जागी आणणारा लॉकच्या सर्किटचा भाग, बघा. त्याचं आउटपुट टोकाला जाऊन टेकलं असेल तर लॉकचा दिवा लागलेला असूनही लेझर मोकाट आहे. साधी चाचणी: स्पेक्ट्रोस्कोपीचा बीम क्षणभर हाताने अडवा. काहीही फरक पडला नाही, तर लॉक नव्हताच.

मोड हॉप ओळखायला फॅब्री-पेरो (लेझरचे मोड दाखवणारी दोन आरशांची पोकळी) असेल तर उत्तमच. नसेल तर स्कॅन करताना चित्र मधेच तुटून उडी मारतं का ते बघा. डायोडचा करंट अगदी थोडा वरखाली केला की बहुतेक वेळा मोड परत येतो. करंट आणि तापमान दोन्ही करून बघितलं तरी चारही खड्डे कुठेच दिसत नसतील तर इथे थांबा. लेझर हेडचं झाकण उघडून ग्रेटिंग हलवणं हे ज्याने ते पूर्वी केलंय त्याचं काम. आत पिएझोला शंभर व्होल्टच्या पुढे जाणारा व्होल्टेज असतो, आणि हातातल्या स्थिर विजेने डायोड मरतो तो आवाजही न करता. लेझर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस विभागाला कळवा, तुमचं करंट-तापमानाचं टिपण पाठवा.

आता एसी. सकाळी मॉट असतो, दुपारी जातो, संध्याकाळी परत येतो, अशी तक्रार असेल तर मॉटच्या उजेडाचा आलेख तासभर घ्या आणि त्यावर एसीचा कॉम्प्रेसर कधी चालू-बंद होतो त्याच्या खुणा करा. दोन्हींची लय जुळली तर गुन्हेगार सापडला. स्प्लिट एसीचा झोत थेट टेबलावर येत असेल तर झडप वळवा, लेझरभोवती पुठ्ठ्याची का होईना पेटी करा.

पावसाळ्यात याची दुसरी बाजू दिसते. मुंबईत जुलैमध्ये हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो. एसी बंद पडला किंवा दार उघडं राहिलं आणि तुमचा डायोड १८ अंशांवर सेट असेल, तर त्याच्यावर दव धरणारच. पॉवर अचानक पडली आणि बीमचा आकार विस्कटला, तर आधी करंट आणि थंड करणारा पेल्टियर दोन्ही बंद करा. पुसायला जाऊ नका. हवा कोरडी होऊ द्या, मग सेटिंग दवबिंदूच्या वर आणता येतं का ते बघा. तापमान बदललं की तरंगलांबी सरकते, तेव्हा करंट परत जुळवावा लागेल.

रीपंप

कूलिंग लेझर अणूला एफ=२ मधून एफ-प्राइम=३ मध्ये नेतो आणि तो परत एफ=२ मध्येच पडतो. हे चक्र बंदिस्त आहे, पण पूर्ण नाही. काही हजार फेऱ्यांमागे एखाद्या वेळी अणू २६७ मेगाहर्ट्झ खालच्या एफ-प्राइम=२ मध्ये जातो आणि तिथून एफ=१ मध्ये निसटतो. तिथे कूलिंगचा प्रकाश त्याला दिसतच नाही, कारण एफ=१ आणि एफ=२ मध्ये ६.८३ गिगाहर्ट्झचं अंतर आहे. वर म्हटलं तसे एक अणू थांबवायलाच हजारो फोटॉन लागतात. मग रीपंपशिवाय एकही अणू धड मुक्कामाला पोचत नाही.

तपासणी सोपी: रीपंप हाताने अडवा. चमक मंद झाली पाहिजे. अडवून काहीच फरक पडत नसेल तर तो चेंबरमध्ये पोचत नव्हता किंवा चुकीच्या जागी होता. चार खड्ड्यांतला जास्त वारंवारतेकडचा बाहेरचा खड्डा त्याचा. रीपंपला पॉवर फार लागत नाही, एक-दोन मिलिवॉटवर काम चालतं, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं आणि तो गुपचूप मरतो. वेगळा लेझर न ठेवता ईओएमने (विद्युतक्षेत्राने प्रकाश मॉड्युलेट करणाऱ्या उपकरणाने) साइडबँड, म्हणजे शेजारची वारंवारता, काढत असाल तर ६.५७ गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्ह स्रोत आणि त्याचा ॲम्प्लिफायर चालू आहे का बघा. वीज जाऊन आली की लेझर यूपीएसवर तगतो, आणि हा ॲम्प्लिफायर मात्र साध्या सॉकेटवर असल्याने बंद पडलेला असतो.

कॉइल

पॉवर सप्लायवर करंट नेहमीएवढा आहे का बघा. व्होल्टेजही बघा: करंट तोच पण व्होल्टेज वाढलेला असेल तर एखादं टर्मिनल सैल होऊन तापतंय. सप्लाय करंट मोडमध्येच हवा. व्होल्टेज मोडमध्ये राहिला तर तांबं तापून रोध वाढतो, पन्नास अंशांना वीस टक्के, आणि दुपारपर्यंत चुंबकक्षेत्राचा ग्रेडियंट (अंतरागणिक होणारा बदल) जवळपास तेवढाच घसरतो.

टेबल हलवलंय, वायरी काढून लावल्यात असं काही झालं असेल तर दिशा तपासा. त्यासाठी शाळेतलं होकायंत्र पुरतं. दोन्ही कॉइलमध्ये करंट एकमेकांच्या उलट हवा. होकायंत्र एका कॉइलच्या बाहेर, अक्षावर धरा. सुईचं उत्तर टोक चेंबरकडे वळतंय की बाहेर, ते टिपा. मग दुसऱ्या कॉइलच्या बाहेर तसंच. दोन्हीकडे "बाहेर" किंवा दोन्हीकडे "आत" आलं तर बरोबर. एकीकडे आत आणि एकीकडे बाहेर आलं तर दोन्ही कॉइल एकाच दिशेने चालू आहेत, मधे शून्य क्षेत्राची जागाच नाही, आणि मॉट होणं शक्य नाही.

दोन्हीकडे सारखं आलं तरी पूर्ण जोडी उलटी असू शकते. तेव्हा सप्लाय शून्यावर आणून, बंद करून, त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा. चालू करंटमध्ये वायर ओढू नका. कॉइलचा इंडक्टन्स मोठा असतो, ठिणगी उडते आणि सप्लायचं नुकसान होतं. अदलाबदलीने मॉट आला तर पोलरायझेशन सगळं ठीक होतं.

पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रावर खापर फोडणारे बरेच भेटतात. आपल्याकडे ते ०.४ गॉसच्या आसपास आहे. १० गॉस प्रति सेंटीमीटर ग्रेडियंट असेल तर त्याने शून्याची जागा अर्धा मिलिमीटरसुद्धा हलत नाही. मोलॅसिसमध्ये (चुंबकक्षेत्राशिवाय नुसत्या लेझरने थंड करण्याच्या टप्प्यात) तापमान खाली आणताना ते नडतं, पण त्याच्यामुळे मॉट नाहीसा होत नाही. चेंबरशेजारी विसरलेला चुंबकीय स्टँड मात्र नाहीसा करू शकतो.

कॉइल पाण्याने थंड होत असेल आणि कुठे ओल दिसली, तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. शंभर अँपिअरशेजारी टेप गुंडाळत बसू नका.

पॉवर आणि पोलरायझेशन

पॉवर मीटर घेऊन लेझरपासून चेंबरकडे एकेक टप्पा मोजत जा आणि लॉगबुकातल्या जुन्या आकड्यांशी ताडा. जुने आकडे नसतील तर आज लिहा. एओएमनंतर फर्स्ट ऑर्डरचा (वारंवारता सरकलेल्या बीमचा) ठिपका आहे का, फायबरमधून निम्मी पॉवर तरी बाहेर येते का, सहा बीम आपसात किती सारखे आहेत. रुबिडियमची सॅच्युरेशन इंटेन्सिटी १.६७ मिलिवॉट प्रति चौरस सेंटीमीटर आहे. प्रत्येक बीम निदान त्याच्या आसपास हवा.

लुकलुकण्याचं उत्तर इथे पुष्कळदा मिळतं. फायबरमध्ये पोलरायझेशन अक्षाला जुळवून घातलेलं नसेल तर खोली तापली-थंड झाली की बाहेरचं पोलरायझेशन फिरतं, आणि पुढच्या क्यूबवर बीमची वाटणी बदलत राहते. फायबर बोटांमध्ये हलकेच धरून ऊब द्या आणि मीटर बघा. आकडा डोलायला लागला तर फायबरच्या आधीची हाफ-वेव्ह प्लेट फिरवून ते डोलणं कमीत कमी करा.

क्वार्टर-वेव्ह प्लेटच्या धारकावर पेन्सिलीची खूण असेल तर ती जुळते का बघा. काच पुसताना प्लेट नव्वद अंशांनी फिरली की त्या बीमचा सिग्मा प्लस सिग्मा मायनस होतो (वर्तुळाकार पोलरायझेशनच्या या दोन उलट दिशा), आणि त्या अक्षावर अणू आत यायच्या ऐवजी बाहेर जातात. कॉइलच्या अक्षावरच्या जोडीची दिशा बाकी दोन जोड्यांच्या उलट असते, हे लक्षात ठेवा. सगळ्या सारख्या करून ठेवायचा मोह होतो, तो आवरा.

रुबिडियम

चारही खड्डे, रीपंप, कॉइल, पॉवर सगळं ठीक आणि चेंबरमध्ये चमक मात्र नावालाही नाही, तर आत रुबिडियम आहे का ते पाहायचं. निळी किंवा जांभळी एलईडी काचेवर मारा. त्या प्रकाशाने भिंतीला चिकटलेले रुबिडियमचे अणू सुटतात. एलईडी लावताच मॉट वाढला आणि बंद करताच हळूहळू उतरला, तर बाकीचं यंत्र निरोगी आहे, फक्त रुबिडियम कमी आहे.

मग डिस्पेन्सरचा (तापवल्यावर रुबिडियम सोडणाऱ्या भागाचा) करंट ०.१ अँपिअरच्या पायऱ्यांनी वाढवा, दर पायरीला काही मिनिटं थांबा, आणि आयन पंपाच्या (व्हॅक्यूम राखणाऱ्या पंपाच्या) करंटवर नजर ठेवा. निर्मात्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. वर्षानुवर्षं वापरलेला डिस्पेन्सर संपतो. मग दुसरा जोडलेला असेल तर त्याच्यावर जा, नाहीतर चेंबर उघडण्याची वेळ आली, आणि तो निर्णय एकट्याने घ्यायचा नाही.

आता आरसे

एवढं सगळं करून ढग वाकडातिकडा किंवा बारकाच असेल, तर आरशांची पाळी. कडं हे जवळजवळ नेहमी समोरासमोरचे बीम बाजूला सरकल्याचं लक्षण: दोन धक्के एका रेषेत नसले की अणू मधे बसायच्या ऐवजी गोल फिरत राहतात.

एका वेळी एकच स्क्रू. पाव फेरा द्या, ढग बघा, सुधारला नाही तर तेवढाच परत आणा. आयरिस बारीक करून जाणारा बीम मध्यावर आणा, मग परतीच्या आरशाचा ठिपका त्याच छिद्रावर आणा. थोडा जरी ढग असेल तर शेवटची जुळवणी त्याच्याकडे बघूनच करा. कार्डावरच्या ठिपक्यापेक्षा तो जास्त खरं बोलतो. तीनही जोड्या हलल्यात आणि ढगाचा मागमूस नाही, अशी अवस्था असेल तर ज्याने हा मॉट पहिल्यांदा उभा केला त्याला बोलवा. अंदाजाने सहा बीम एकत्र फिरवून मॉट सापडत नाही.

व्हॅक्यूम, आणि इथे थांबायचं

कॉइल चालू करून ढग भरतानाचा उजेड फोटोडायोडने नोंदवा. अंतिम उंचीच्या ६३ टक्क्यांपर्यंत जायला लागणारा वेळ बघा. पार्श्वभूमीचा दाब दहाच्या उणे आठव्या घाताएवढा टॉर असेल तर ढोबळमानाने हा वेळ दोन सेकंद येतो. उणे नवव्या घाताला वीस. काल पाच सेकंद होता आणि आज अर्धा, तर अणू जमण्याआधीच हवेचे रेणू त्यांना उडवून लावतायत. आयन पंपाचा करंटही बघा, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. पावसाळ्यात कनेक्टरवरच्या ओलीतून गळणाऱ्या करंटमुळे आकडा वर दिसतो आणि व्हॅक्यूम शाबूत असतो. भरण्याचा वेळ अशी लबाडी करत नाही.

वेळ खरंच घटला असेल तर तुमचं काम इथे संपलं. फ्लँजचे बोल्ट आवळू नका, आयन पंपाची केबल काढू नका. तिच्यात काही हजार व्होल्ट असतात. काचेला तडा दिसला तर त्याहून जास्त सांभाळा: रुबिडियम पाण्याशी पेट घेण्याइतकं जोरात भिडतं, तेव्हा ओल्या फडक्याने काहीही पुसायचं नाही, खोलीतले लोक बाहेर काढायचे आणि सुरक्षा अधिकाऱ्याला कळवायचं.

तडा नसेल, नुसती गळती असेल, तर हीलियम लीक डिटेक्टर घेऊन येणाऱ्या व्हॅक्यूमच्या माणसाला बोलवा. फोनवर त्याला तीन गोष्टी सांगा: आयन पंपाचा करंट गेल्या काही आठवड्यांत कसा चढला, भरण्याचा वेळ आधी किती होता आणि आता किती, आणि शेवटचं बेकिंग (चेंबर तापवून आतले वायू बाहेर काढणं) कधी झालं. पंपाचा करंट कंट्रोलरच्या मर्यादेखाली असेल तर हा माणूस येईपर्यंत पंप चालूच ठेवा. डिस्पेन्सर मात्र लगेच बंद करा, खराब व्हॅक्यूममध्ये तापवत ठेवला तर उरलेलं रुबिडियमही ऑक्सिडाइज होऊन जातं.